हिशोब पेडलपासून

सावद्यात जुनी जीप सहसा कोणी विकत नाही. इंजिन एकदोनदा बांधून झालेलं असतं, हूड फाटलेलं असतं, तरी पाणी सोडलेल्या केळीच्या बागेतल्या काळ्या चिखलातून तीच बाहेर निघते. मग ती माझ्या शेडमध्ये येते आणि मालक म्हणतो, "पुढं डिस्क टाकून दे भो. बोलेरोची बसते म्हणे."

ब्रॅकेट नीट बनवलं तर बसते. पाच स्टड आणि साडेपाच इंचाची, म्हणजे 139.7 मिलिमीटरची पीसीडी (स्टडच्या वर्तुळाचा व्यास) हे माप विलीज जीपपासून चालत आलेलं आहे. जिप्सीलाही तेच आहे. म्हणून चाकं एकमेकांना चालतात आणि लोकांना वाटतं, काम अर्ध्या दिवसाचं.

आधी हब उघडावा लागतो. विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये, हा त्यामागचा विचार. पण पंक्चरच्या दुकानातल्या पोराला हे कोण सांगणार? तो पान्ह्याला पाइप लावतो, सगळं अंग टाकून नट "उघडतो", आणि स्टड तुटतो. म्हणून हब हातात आला की डावे स्टड दाबून काढायचे आणि सरळ आट्याचे बसवायचे. उलटे नट डब्यातही ठेवायचे नाहीत. नव्या स्टडची दातेरी मान हबच्या भोकात घट्ट बसली पाहिजे. ती सैल असली की काही जण मागून वेल्डिंगचा टाका मारतात. असा हब मी हातात घेत नाही. तापलेल्या स्टडच्या ताकदीचा भरवसा उरत नाही, आणि त्या पाच स्टडवर चाक लटकलेलं असतं.

बेअरिंगचंही तसंच. ड्रम असताना हबमधला थोडा खेळ खपून जातो. डिस्कला तो खपत नाही. वळणावर डिस्क जराशी डगमगली तरी पॅड मागे ढकलले जातात, आणि पुढच्या वेळी पहिलं पेडल खाली जातं. गिऱ्हाईक म्हणतं, एअर काढायची राहिली. खराबी हबच्या नटात असते.

खरा प्रश्न मात्र पायाखाली आहे. ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानंच आत ओढला जातो आणि स्वतःचा जोर वाढवतो. डिस्कमध्ये अशी फुकटची मदत नाही. नुसते कॅलिपर लावले तर पेडल दगडासारखं लागतं, आणि मालकाला जुना ब्रेकच बरा वाटायला लागतो. मास्टर सिलिंडरचं बोअर एक इंचावरून सात सूत, म्हणजे 7/8 इंच केलं तर त्याच पायाला साधारण तीस टक्के जास्त दाब मिळतो. पण तेल कमी ढकललं जातं आणि कॅलिपरला तर तेल जास्त लागतं. म्हणून बूस्टर. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून अल्टरनेटरच्या मागे पंप. एक डिस्क मागायला आलेला माणूस इथपर्यंत येतो तेव्हा खिसा चाचपायला लागतो. मास्टर बदलायचाच आहे तर दोन सर्किटचा घ्या, असं मी सांगतो. जुन्यात एक पाइप फुटला की चारही चाकं गेली.

मूळ मास्टर फळीखाली चासीला असतो. तो कॅलिपरपेक्षा खाली राहिला तर तेल परत ओघळतं. ते थांबवायला डिस्कच्या लाइनमध्ये सुमारे 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो. ड्रमसाठीचा 10 पीएसआयचा तिथे राहू दिला तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि हब तापतो.

एवढा खटाटोप कशासाठी, हे खिरोद्यावरून पालला जाऊन घाट उतरताना कळतं. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, लायनरचा वास येतो आणि पेडल खोल जातं. डिस्क तापली की पॅडच्या दिशेनं फुगते. पाण्यातून निघाल्यावरही ती लवकर कोरडी होते.

मागं डिस्क मात्र मी टाकत नाही. ब्रेक लागला की वजन पुढे येतं. रिकाम्या जीपची मागची चाकं आधी अडकली तर शेपूट फिरतं. हँडब्रेकची चिंता नाही, तो जुन्या जीपमध्ये चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे असतो. कागदाची चिंता आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ तपशिलात हवा तसा बदल करता येत नाही. म्हणून काम धरण्याआधी मालकाला जळगावच्या परिवहन कार्यालयात विचारायला पाठवतो. काही जण परत येतात, काही येत नाहीत.

सगळं जुळल्यावर आधी रिकामी आणि मग पोती भरून जीप रस्त्यावर काढतो. कोणतं चाक आधी अडकतं ते डांबरावर दिसतं. परवा एकाच्या 6.00-16 च्या टायरची नक्षी पार गेलेली होती. ब्रेक उत्तम धरत होता, जीप सरकत होती. "काका, आता टायर," मी म्हटलं.

"केळीला भाव येऊ दे," काका म्हणाले, आणि बूस्टरचं बिल घडी करून खिशात घातलं.