आई अंथरुणाला खिळली तर?

गेल्या आठ महिन्यांत मी नऊ ठिकाणं पाहिली. पेणच्या आसपास, नागोठण्याच्या बाजूला, रोह्यात, कोलाडकडे आणि शेवटी पनवेलच्या पलीकडे. सगळीकडे एकच प्रश्न विचारला. "आज आई काठी घेऊन चालते. उद्या ती अंथरुणाला खिळली तर इथेच ठेवाल का?" नऊपैकी सात ठिकाणी समोरचा माणूस आधी हसला आणि मग म्हणाला, "ताई, आत्तापासून असला विचार कशाला करता?"

पोस्ट लांबलचक होणार आहे. पण ज्यांचे आईवडील पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, एकटे आहेत आणि गाव सोडायला तयार नाहीत, त्यांनी जरा वेळ काढून वाचा. आपल्या दोन्ही तालुक्यांत अशी घरं कमी नाहीत. दुपारी गल्लीतून चालत गेलात तर प्रत्येक तिसऱ्या ओटीवर एक म्हातारं माणूस एकटं बसलेलं दिसतं.

माझी आई रोह्याला राहते. वय ७९. बाबा धाटावच्या एका कंपनीतून रिटायर झाले, ते जाऊन सहा वर्षं झाली. दादा ठाण्याला, मी पेणला. मार्चमध्ये आई पहाटे बाथरूममध्ये पडली आणि पावणेदोन तास तशीच पडून होती. दूधवाल्यानं दोनदा हाका मारल्या, ओ आली नाही म्हणून त्यानं शेजारच्या काकूंना उठवलं. नशीब, खुबा वाचला, मनगटावर निभावलं. मला फोन आला तेव्हा साडेसात वाजले होते. पेणहून निघून वडखळ, नागोठणं, भिसे खिंड करत रोह्याला पोचेपर्यंत मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांना माहितीय.

त्यानंतर दादा म्हणाला, "आता बास. चांगलं ठिकाण बघू."

पहिलं ठिकाण म्हणजे एक गृहप्रकल्प. मुंबईहून जवळ, डोंगराच्या पायथ्याशी, 'निवृत्तीनंतरचं आयुष्य निसर्गात' वगैरे. माहितीपत्रकावर पांढऱ्या केसांचं जोडपं, दोघांच्या हातात चहाचे कप. आता २०२४ साली महारेरानं ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना काही किमान गोष्टी बंधनकारक केल्यात. व्हीलचेअर मावेल अशी लिफ्ट, रॅम्प, न घसरणाऱ्या फरशा, बाथरूममध्ये धरायला दांडे, संकटकाळी दाबायची घंटा, आणि दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद. मी पर्समधून टेप काढली. बाथरूमचं दार सातशेच्या आतबाहेर भरलं. दाखवणारा पोरगा बिचारा गोंधळला. म्हणाला, "मॅडम, व्हीलचेअरची वेळ आली तर बघू ना, दार काय, काढता येतं." ती वेळ आली की गवंडी बोलवायचा, असं त्यांचं नियोजन!

बरं, दार रुंद असतं तरी पुढे काय? हे निकष इमारतीचे आहेत. घर ताब्यात आल्यावर रात्री दोन वाजता कुशीवर वळवायला कोण येणार, हे दाराच्या मापात बसत नाही. तिथे डॉक्टर 'ऑन कॉल' होते, म्हणजे एका वहीत पेणच्या दोन दवाखान्यांचे नंबर लिहिलेले होते.

मग वृद्धाश्रम पाहिले. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, मी ज्या लोकांना भेटले त्यातली बहुतेक माणसं चांगली होती. एका ठिकाणच्या बाई स्वतः सगळ्यांना जेवण वाढत होत्या, प्रत्येकाला कुठली भाजी चालत नाही ते त्यांना पाठ होतं. पण त्यांच्याही फॉर्मवर पाचवी अट होती: 'प्रवेशार्थी स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करण्यास सक्षम असावा.' मी विचारलं, पुढे सक्षम राहिला नाही तर? त्या म्हणाल्या, "मग आम्ही घरच्यांना बोलावतो. आमच्याकडे रात्रीला एकच मावशी आहे हो, ती तरी किती जणांचं करणार?" खरं बोलल्या. त्यांचा मला राग नाही आला. पण आईला घरून उचलून तिथे न्यायचं, तिनं जीव रमवायचा, मैत्रिणी करायच्या, आणि सर्वांत जास्त गरज लागेल त्या दिवशी तिथून परत उचलायचं? मग पहिल्यांदा तरी कशाला हलवायचं?

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या सासूबाईंसाठी त्यांनी जे निवडलं त्यात हाच प्रश्न आधीच सोडवलेला असतो, असं ती म्हणाली. तिकडे एकाच आवारात स्वतंत्र घरं, मग थोड्या मदतीची सोय, मग पूर्ण शुश्रूषा, असे टप्पे असतात. माणूस थकत जातो तसा एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातो, पण गाव तेच राहतं. अर्थात फुकट नाही. आत जाताना मोठी रक्कम, वर दरमहा. आणि करारही दोन-तीन तऱ्हेचे. एकात शुश्रूषा लागली तरी मासिक रक्कम फारशी वाढत नाही, कारण ती आधीच वसूल केलेली असते. दुसऱ्यात सुरुवातीला स्वस्त, पण अंथरूण धरलं की बाजारभावानं मोजा. ती म्हणाली, "तू खोल्या बघत बसू नकोस, शेवटच्या टप्प्याचा दर विचार." आठ महिन्यांत मला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच.

आपल्या जिल्ह्यात त्याच्या जवळ जाणारं एक उदाहरण नेरळला आहे, डिग्निटी फाउंडेशनची ज्येष्ठांची वसाहत. पण रोह्याच्या माणसाला नेरळ म्हणजे पनवेल ओलांडून पलीकडे. जिल्हा एकच असला म्हणून काय झालं, आईला तिथे ओळखणारं कुत्रं नाही. आणि इकडे, पेण-रोह्यात, चालत्या दिवसांपासून शेवटच्या दिवसापर्यंत एकाच जागी सांभाळणारं ठिकाण मला एकही सापडलं नाही.

डिपॉझिटचं एक सांगायचं राहिलं. एका ठिकाणी तीन लाख बिनव्याजी मागितले, 'परत मिळणार' म्हणून. कधी, किती दिवसांत, माणूस गेल्यावर कोणाच्या नावे, पावती संस्थेची की ट्रस्टींची? "ते सगळं होतं ताई, विश्वास ठेवा." पेणकरांना डिपॉझिट आणि विश्वास हे दोन शब्द एकत्र ऐकले की काय होतं ते मी सांगायला नको. २०१० साली अर्बन बँकेच्या दारात पासबुकं घेऊन उभे असलेले म्हातारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. मी चहा प्यायले आणि उठले.

आता आईचं. सहाव्या ठिकाणी मी तिला सोबत नेलं. नेहमीचा प्रश्न विचारला, "इथेच ठेवाल का?" ती शांतपणे ऐकत होती. परतताना खिंडीत गाडी आल्यावर म्हणाली, "ठेवाल का, ठेवाल का काय गं? मी काय लोणच्याची बरणी आहे?" मला काही बोलताच येईना. आठ महिने मी सगळ्यांची खोट काढत होते आणि आईला काय हवंय ते एकदाही धड विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर विचारलं. तिचं म्हणणं साधं होतं. तिला रोह्यातच राहायचंय. दसऱ्याला धावीर महाराजांची पालखी दारात येते तेव्हा ओवाळायला ती उंबऱ्यात उभी असली पाहिजे. शेजारच्या काकूंशी भांडायला मिळालं पाहिजे. पण, हे तिनंच काढलं, "मी तुला ओळखेनाशी झाले, किंवा मला संडासला उचलून न्यावं लागलं, की मला इथे ठेवू नका. तुझी कंबर आधीच गेलीय."

त्यावरून आम्ही जे केलं ते असं. बाथरूमला दांडे बसवले, उंबरा काढला, उंच कमोड केला. आई, शेजारच्या काकू आणि मागच्या आळीतल्या एक आजी, तिघींत मिळून रात्रीसाठी एक मावशी ठेवली. मावशी आईकडे झोपते, बाकी दोघींच्या उशाशी घंटा आहे. एकटीला ब्युरोची बाई परवडत नव्हती, तिघींत परवडते. आणि पनवेलच्या पलीकडे ज्या एका ठिकाणी शुश्रूषेचा वेगळा मजला आहे, तिथे नाव नोंदवलं. त्यांनी आजचा दर आणि दरवर्षी जास्तीत जास्त किती वाढेल ते लेखी दिलं. तिथे मी विचारलेले बाकीचे प्रश्नही सांगते, उपयोगी पडतील. रात्री किती माणसं आणि किती रुग्ण? वीज गेली तर जनरेटरवर ऑक्सिजनचं यंत्र आणि हवेची गादी चालते का? जुलैत रस्ता बंद झाला तर ॲम्ब्युलन्स कुठून येते? बेडसोअर झालेले पेशंट दाखवाल का? शेवटच्या प्रश्नावर जो चिडत नाही, त्याचा विचार करा.

आता थोडं सरकारकडे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम १९ आहे: प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकार उभारू शकेल. शब्द 'शकेल' आहे, आणि तो निराधारांसाठी आहे. सत्तर वर्षांपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाखांच्या उपचारांचं कार्ड मिळतंय, आईचंही काढलंय, जरूर काढा. पण ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरचं. घरी पडून असलेल्या माणसाला पुसायला येणाऱ्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही. पेन्शन आहे म्हणून निराधार नाही, आणि तलाव-क्लबहाउसवाली वसाहत परवडत नाही, अशी आमच्यासारखी घरं मधल्यामधे लटकतात.

निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना मी हे विचारणार आहे. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांच्या आधारानं वीस खाटांचा तरी दीर्घ शुश्रूषेचा कक्ष होईल का, पैसे घेऊन चालेल, रीतसर पावती द्या. आणि शुश्रूषेचं शिक्षण देणारा एखादा वर्ग इथे काढाल का? आमच्या मावशी हुशार आहेत, पण माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे त्या मोबाइलवर बघून शिकल्या. त्यांच्या मुलीला हे काम करायचंय, पण शिकायला जायचं कुठे ते कोणी सांगत नाही.

आईनं तिची अट वहीच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहून दिलीय, दादानं आणि मी खाली सह्या केल्यात. कागद देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे. परवा गेले तेव्हा पाहिलं, तिनं त्यात शाईनं एक ओळ वाढवलीय: 'पालखीच्या आठवड्यात हलवू नये.'