शीळफाट्यावरचा संगणक

पन्नाशी उलटलेल्या माणसाला शाळेत घालू नये. घातलंच, तर निदान पहिल्या बाकावर बसवू नये. 2006 साली डोंबिवलीच्या एका कॉम्प्युटर क्लासात मला या दोन्ही शिक्षा एकदम झाल्या. महाप्याच्या आमच्या कंपनीत साहेबांनी फर्मान काढलं होतं: तीन महिन्यांत सर्टिफिकेट आणा, नाहीतर स्टोअरचा हिशेब पोरांच्या हवाली करा. 26 वर्षं तो हिशेब माझ्या अक्षरात होता. मुकाट्यानं बाकावर बसलो.

मास्तरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, माऊस धरा," म्हणाल्या. चाळीत उंदीर धरण्यात माझं नाव होतं. पण हा हातात येऊनही पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळे. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांनी 1964च्या सुमारास पहिला माऊस केला तो लाकडी होता, असं बाईंनी सांगितलं. तो माझ्या हाती आला असता तर मी त्यानं खिळे ठोकले असते. पुढे कळलं की 8 बिटांचा एक बाईट आणि 1024 बाईटांचा एक किलोबाईट. आमच्या स्टोअरमध्ये हजाराला 24 वर आले असते तर चौकशी लागली असती!

घरी आल्यावर हिनं विचारलं, "अहो, आज काय शिकवलं?"

"बस आणि पोर्ट."

"म्हणजे तुमची कंपनीची बस आणि न्हावाशेवा? त्याला फी कशाला भरायची? शीळफाट्याला रोज फुकट बघताच की!"

बायकोचं बोलणं आपल्याला नेहमी दुसऱ्या दिवशी पटतं. दुसऱ्या दिवशी खिडकाळीचं देऊळ मागे टाकून आमची बस शीळफाट्याला आली आणि रुतली. मांडीवर क्लासचं पुस्तक उघडं होतं. बाहेर पाहिलं, तर तेच पुस्तक रस्त्यावर!

कल्याणकडून आम्ही, मुंब्र्याकडून ट्रक, पनवेलकडून कंटेनर, आणि मधोमध एकटा हवालदार. हा प्रोसेसर. एका वेळी एकच बाजू सोडायची, पण इतक्या भराभर, की प्रत्येकाला वाटावं आपलंच काम चाललंय. टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात, पण खरा सीपीयू आत दडलेली छोटीशी चकती. चौकीला कुणी हवालदार म्हणतं का? चौकातली मोकळी जागा म्हणजे रॅम. जेवढी जागा, तेवढीच कामं एका वेळी उभी राहणार. कडेची गोदामं म्हणजे हार्ड डिस्क. कुलूप लावून माणसं घरी गेली तरी माल जागच्या जागी.

तेवढ्यात चारही बाजूंच्या गाड्या अर्ध्या अर्ध्या चौकात घुसल्या. मागे कोण जाणार? जो तो दुसऱ्याची वाट बघत उभा. पुस्तकात याला डेडलॉक म्हटलं होतं. मशीन हँग होतं, त्याचं हे एक कारण. फरक एवढाच, की मशीन बंद करून पुन्हा चालू करता येतं. शीळफाटा बंदच असतो, चालू करणं कुणाच्या हातात नसतं. त्या दिवशी हजेरीवर लाल रेघ आली, पण धडा पाठ झाला.

आता हात शिवशिवू लागले. कोकणातल्या आमच्या आक्कानं लिहिलं होतं, "तुझं अक्षर बारीक झालंय, मला वाचवत नाही. छापून पाठव." क्लासातच पत्र टाईप करायला बसलो. पत्ता लिहिताना बाई म्हणाल्या, "काका, यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाईट घेतं." हिशेब केला. शीळफाटा रोमन लिपीत 9 बाईटांत बसतो, आपल्या लिपीत त्याला 21 लागतात. तिथली गर्दी बघता मला ते पटलं.

एका बोटानं, दोन तासांत, अकरा ओळी झाल्या. आणि लोडशेडिंग! क्लासातला यूपीएस तर महिनाभर आजारीच होता.

अंधारातून बाईंचा आवाज आला, "काका, सेव्ह केलं होतं?"

नव्हतं. रॅमला वीज आहे तोवरच आठवतं. सेव्ह केलं तरच माल गोदामात जातो. हे सगळं पाठ असूनही मी चौकातच उभा राहिलो होतो. तिथंच बसून मी पत्र तोंडानं म्हणू लागलो. आईच्या वर्षश्राद्धाला येता आलं नाही, त्याबद्दलच्या ओळीशी आवाज जरा अडखळला. पण अकराही ओळी आल्या.

"काका, सगळं आठवतंय तुम्हाला?"

"लाईट गेली म्हणून विसरायला मी काय रॅम आहे?"

दुसऱ्या दिवशी पत्र पुन्हा टाईप केलं, प्रत्येक ओळीनंतर सेव्ह केलं आणि मोठ्या अक्षरांत छापून पाठवलं. पुढे सर्टिफिकेट मिळालं, स्टोअरही माझ्याकडेच राहिलं. साहेबांनी पाठ थोपटली. मी खुशीत होतो.

आठवड्यानं आक्काचं कार्ड आलं. "पत्र चष्म्याशिवाय वाचलं. अक्षर सुरेख आहे, पण तुझं नाही. निदान खाली सही तरी हातानं करत जा रे."

तेव्हापासून छापलेल्या प्रत्येक कागदाखाली मी पेनानं सही करतो. बारीक अक्षरात.