थांबायचं कुठं?

सुट्टी लागली की आमच्या सुदुंबऱ्यातल्या पोरांच्या मागण्या ठरलेल्या असतात. बारक्यांना निगडीचं अप्पूघर, मोठ्यांना लोणावळ्याजवळचं वॉटर पार्क, आणि कुणाचा दहावीचा निकाल बरा लागला तर घाट उतरून खोपोलीजवळचं इमॅजिका. माझा मुलगा यातलं काही मागत नाही. तो थोडंच बोलतो, तेही बहुतेक जाहिरातींतलं. त्याला ऑटिझम आहे. पण चुलत भावंडं निघाली की तोही चप्पल घालून दारात उभा राहतो. मग त्याला घरी ठेवायचं कारण आम्हालाच शोधावं लागतं.

कारण पुरवायला माणसं तयार असतातच. "गर्दीत कशाला नेता? त्याला काय कळतंय त्यातलं?" कळतं. पाळणा त्याला माझ्यापेक्षा चांगला कळतो.

हे मला उद्यानात नाही, गावातच उमगलं. संताजी जगनाडे महाराजांची समाधी आमच्या गावात. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतले ते एक, तेव्हा उत्सवात टाळांना तोटा नाही. पोरगं टाळकऱ्यांना जवळजवळ चिकटून बसतं, अगदी निवांत. तोच मधे भोंग्यातून "हॅलो, हॅलो, चेक" आलं की कान दाबून पळत सुटतं. आवाज टाळांचाही काही कमी नसतो. पण पुढचा ठोका कधी पडणार हे टाळ आधीच सांगून ठेवतो. भोंगा काही सांगत नाही.

उद्यानातले पाळणे टाळाच्या जातीचे. दर खेपेला तितकेच फेरे, तोच झोल, त्याच जागी थांबणं. ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीत छताला झोका टांगलेला असतो. थेरपिस्ट मुलाला त्यावर बसवून झुलवतात, गोल फिरवतात, आणि काही मुलं त्यानंतर शांत होतात. त्या झोक्याची थोरली भावंडं इथं ओळीनं उभी असतात. सगळ्याच ऑटिस्टिक मुलांना हे मानवतं असं नाही. काहींना पाय जमिनीवरून सुटलेला चालत नाही. आमच्याला चालतो. त्याला छळतं ते पाळण्याभोवतीचं बाकी सगळं. अचानक फुटणारी घोषणा, फोटोसाठी अंगावर येणारं मोठ्या डोक्याचं कार्टून, स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र. या यंत्राबद्दल अशा मुलांच्या कुठल्याही आईला विचारा. कुणीतरी त्याखाली हात धरतं आणि आमचा अर्धा दिवस वाया जातो.

आमच्या गावात एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे. पूर असो, दरड असो, ही माणसं आधीच तालीम करून बसलेली असतात. सहलीच्या आदल्या दिवशी आमचं घर त्यांच्याच वळणावर जातं. लांबून दिसेल असा भडक शर्ट. खिशात फोन नंबरची चिठ्ठी. कानावरचे हेडफोन. आधी काय, मग काय, शेवटी घर, अशी चित्रांची पट्टी. नेहमीचीच बिस्किटं, कारण दुसरी चालत नाहीत. आणि निघताना त्याच कपड्यांतला एक फोटो, म्हणजे चुकलाच कुठं तर सांगता येईल. नव्या आईबापांनी एवढा फोटो तरी विसरू नये.

एवढं करूनही गाडी अडते ती रांगेत. रांग म्हणजे टाळाच्या उलट. ती सरकते, थांबते, पुन्हा सरकते. का, ते कुणालाच माहीत नसतं. एका उद्यानात मी त्याचं अपंगत्वाचं ओळखपत्र, यूडीआयडी कार्ड, पुढं केलं. दारावरच्या मुलानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या लेकाकडं बघून म्हणाला, "काकू, हा तर नीट चालतोय की." सुट्टीपुरता कामाला लागलेला पोरगा तो. दिसत नाही तेही अपंगत्व असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. तेवढ्यात लेक खाली बसून डोकं हलवायला लागला. मागून आवाज आला, "एवढा मोठा घोडा झालाय, काही वळण लावलं की नाही?" वळण लावण्यावरच तर आमची वर्षं चालली आहेत, ताई.

इमॅजिका सुरू झालं २०१३ साली. त्याच वर्षी तिकडं अमेरिकेत डिस्नेनं आपली अपंगांसाठीची पद्धत बदलली. धनिक कुटुंबं अपंग व्यक्तीला पैसे देऊन सोबत नेतात आणि रांग चुकवतात, अशा बातम्या तेव्हा गाजल्या होत्या. नव्या पद्धतीत थेट आत सोडणं बंद झालं. पाळण्याची वेळ ठरवून मिळते आणि तोवर कुठंही बसता येतं. काही पालकांना हेही पुरेना, ते न्यायालयात गेले. त्यांच्या मुलांसाठी ते खरंही असेल. मला मात्र ही पद्धत रास्त वाटते. वाट सगळ्यांनीच पाहावी. आमच्या लेकाला झाडाखाली बसून वाट पाहता येते, लोखंडी कठड्यांमधे येत नाही, एवढंच. टेक्सासात सॅन अँटोनिओला गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या मुलीसाठी अख्खं उद्यानच उभारलं, २०१० मधे. अपंगांना तिथं तिकीट नाही. मोठं काम आहे. पण मला वेगळं उद्यान नको. त्याची भावंडं इथल्याच उद्यानात जाणार.

आणि रांग वाकवता येत नाही असं थोडंच आहे? जादा पैसे मोजले की लवकर सोडणारं तिकीट आपल्याकडंही मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस अपंगत्वं मोजली आहेत, त्यात ऑटिझम आहे. त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं की करमणुकीत इतरांच्या बरोबरीनं भाग घेणं हा हक्क आहे, आणि तो जपण्याची जबाबदारी सरकारवर नि स्थानिक संस्थांवर आहे. खासगी उद्यानांनी मात्र कायद्याचं बोट दिसेपर्यंत थांबायची गरज नाही.

उद्यानं चालवणाऱ्यांकडं माझं मागणं फार नाही. फुकट तिकीट नको. वेळ लिहिलेली चिठ्ठी द्या, भोंगा पोचणार नाही अशी एक खोली द्या, एका तरी स्वच्छतागृहात यंत्राऐवजी कागद ठेवा, आणि दारावरच्या पोरांना कामावर घ्याल त्या दिवशीच ते कार्ड वाचायला शिकवा.