सुमोची सीट आणि अम्मींचा हात

आमच्या घरी २००८ सालची टाटा सुमो आहे, व्हिक्टा. मोहाडीत आता तिच्यापेक्षा चकचकीत गाड्या पुष्कळ झाल्या. पण रात्री-अपरात्री कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाच्या छातीत दुखू लागलं की दार अजून आमचंच वाजतं. सुमोत माणूस आडवा करता येतो आणि सोबत घरचे चार जण बसू शकतात. माझ्या सासऱ्यांनी, मरहूम अब्बांनी, ती रोख घेतली होती. गाडीत व्याजाचा एक पैसा नाही, हे ते शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत. पाहुण्यांनी विचारलेलं नसलं तरी सांगत.

गेल्या दीड वर्षापासून या गाडीचं खरं काम एकच. आठवड्यातून दोनदा अम्मींना भंडाऱ्याला डायलिसिसला नेणं आणि आणणं. वरठीवरून जेमतेम वीसेक किलोमीटरचा रस्ता. पण धानाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे अडकलं की तोच लांब होतो. जाताना अम्मी बोलत असतात. येताना गळून गेलेल्या असतात आणि सीट त्यांना जिकडे झुकवेल तिकडे झुकतात.

ज्यांच्या घरी डायलिसिसचा पेशंट आहे त्यांना फिस्टुला म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते. हाताची धमनी आणि शीर छोट्या ऑपरेशननं जोडतात, म्हणजे शीर फुगून मजबूत होते आणि तिथूनच रक्त मशीनमध्ये जातं-येतं. अम्मींचा फिस्टुला डाव्या हाताला आहे. त्यावर बोटं ठेवली की आत मांजर घुरघुरावं तशी थरथर लागते. ती थरथर म्हणजे हात चालू आहे. त्या हाताचं ब्लडप्रेशर मोजायचं नाही, घट्ट बांगडी घालायची नाही, वजन उचलायचं नाही आणि त्यावर दाब देऊन झोपायचं नाही. हात बंद पडला तर पुन्हा ऑपरेशन, आणि तोवर मानेत नळी.

आता सीटचं. अम्मी पुढे डावीकडे बसत, कारण तिथली पाठ मागे टेकवता येते. कुठल्याही जुन्या गाडीची पुढची सीट पाहा, ती मधोमध नाही, दाराकडच्या काठाला आधी मरते. चढणारा-उतरणारा प्रत्येक माणूस त्याच काठावरून घसरतो. पंधरा-सोळा वर्षांत तिथला फोम भुगा झाला होता आणि बसणारा माणूस आपोआप दाराकडे कलत होता. अम्मी परत येताना डुलकी लागली की सगळा भार दारावर, आणि दार व अंग यांच्यामध्ये तोच डावा हात. मी मागून उशी सरकवायची, ती वरठीच्या आधीच खाली पडायची.

त्यात एके दिवशी वाटेत म्हैस आडवी आली. मुलांच्या अब्बूंनी ब्रेक दाबला आणि अम्मींची सीट अम्मींसकट चार बोटं पुढे सरकली. रनरचं कुलूप धरत नव्हतं. लागलं कुणाला नाही. पण उशीनं भागणारं हे काम नाही, हे त्या दिवशी घरात सगळ्यांना पटलं.

दीर म्हणाले, गाडी काढा आणि हप्त्यावर नवी घ्या. पण अब्बांच्या गाडीच्या जागी व्याजाची गाडी आणायला मुलांचे अब्बू तयार नव्हते. आणि खरं सांगायचं तर हप्ता भरण्याइतके पैसेही नव्हते. डायलिसिसच्या घरात वरचा खर्च सतत असतो. गाडीची पंधरा वर्षं २०२३ मध्ये भरली, तेव्हा तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती. इंजिन ठणठणीत. मग फक्त बसायच्या जागेसाठी गाडी का टाकायची? उधळपट्टीला आपल्याकडे इस्राफ म्हणतात. चालती वस्तू फेकणं हाही त्यातलाच प्रकार आहे, असं मला वाटतं.

तुमसरच्या एका कुशनवाल्याकडे आधी गेलो. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे फोम आणि शिलाई मला समजते. फोम बदलणं, रेक्झिन चढवणं हे काही मोठं काम नाही. पण त्यानं सीटचं कव्हर उसवलं आणि खालचं दाखवलं. नागमोडी स्प्रिंगांपैकी दोन तुटलेल्या, आणि पाठ जिथे बिजागरीला जोडते तिथे लोखंडालाच तडा. म्हणाला, "बाई, मी गादी भरून देतो, पण गादीखाली काही राहिलं नाही." वेल्डिंग मारून घ्या असं सांगणारेही भेटले. त्या जोडावर माणसाच्या पाठीचा सगळा जोर येतो. धक्का बसला की तिथलं डागलेलं वेल्डिंग सुटलं तर पाठ मागे कोसळणार. नुसता फोम बसला असेल तर गावातला कुशनवालाच बरा, भंगारात जाऊ नये. सांगाडा किंवा रनर गेला असेल तर मात्र कितीही सुंदर गादी शिवली तरी ती वरवरचीच.

नवी पूर्ण सीट आम्ही विचारली तिथे मिळाली नाही. सुमो १९९४ साली आली, टेल्को उभी करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून तिचं नाव पडलं, आणि २०१९ मध्ये ती बनणं बंद झालं. बंद झालेल्या गाडीचे फिल्टर, ब्रेकचे गुटके वर्षानुवर्षं मिळतात, कारण ते खपतात. अख्खी सीट कोण ठेवणार? तेव्हा एकच वाट उरली, नागपूरचा कबाडी.

तिथे मीही गेले. बाईमाणसाचं तिथे काय काम, असं घरात कुणी म्हणालं नाही, पण चेहऱ्यावर होतं. मी शिवणाचा टेप घेऊन गेले. आपल्या गाडीच्या सीटच्या चार बोल्टांमधलं अंतर, लांबी-रुंदी, दोन्ही वहीत लिहून नेली होती. हे फार कामाला आलं. सुमो म्हटलं की तो सुमोची कुठलीही सीट दाखवतो. जुनी सुमो, व्हिक्टा, पुढे आलेली गोल्ड. आणि सुमो ग्रँडे तर नावापुरतीच सुमो, गाडीच वेगळी. बोल्ट जुळत नसेल तर मिस्त्री पट्टी लावून नवं भोक पाडून देतात. तसं करून घ्यायचं नाही हे आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो. कारखान्यात जिथे भोक आहे तिथे खालचा पत्रा जाड केलेला असतो. आपण शेजारी पाडलेल्या भोकाखाली नुसता पत्रा असतो.

वाड्यात एका बाजूला दारं उभी लावलेली, एका बाजूला इंजिनं, आणि शेडमध्ये सीटांची रास. मालक वयस्कर, हाजी. आम्ही ज्या पहिल्या सीटला हात लावला ती दिसायला नवीच होती. मी तिच्या खाली हात घातला तर रनरच्या खाचेत बारीक, वाळलेली, राखाडी माती. फोमला नाक लावलं तर ओल्या पोत्याचा वास. आपल्या भागाला हे समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला, संजय सरोवरातून सोडलेलं पाणी भंडाऱ्यात शिरलं, तेव्हा किती गाड्या दारातच बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पुरातली सीट धुऊन, वाळवून, नवं कव्हर घालून उभी केली की ओळखू येत नाही. गंज आतून चालू राहतो. वास येतो तो मात्र लपत नाही. मी विचारण्याआधीच हाजीसाहेब म्हणाले, "वो पानी की है, आपके काम की नहीं."

मग त्यांनीच दुसरी जोडी काढून दिली आणि मधली लांब सीटही. ही गाडी मागून ठोकली गेली होती, हेही त्यांनी सांगितलं. म्हणून मागच्या दोन आडव्या सीटा त्यांनी आम्हाला विकल्या नाहीत, आणि पट्टे तर दाखवलेच नाहीत. अपघातात एकदा ताण सोसलेला पट्टा आतून सैल होतो, तो दुसऱ्या गाडीत लावू नये, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे ते. मालातला ऐब गिऱ्हाइकाला सांगूनच विकावा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. बाजारात ते प्रत्यक्ष ऐकायला मिळालं की तो माणूस लक्षात राहतो.

मागून ठोकर म्हटल्यावर मी पुढच्या सीटांची पाठ जास्त बारकाईनं पाहिली. अशा ठोकरीत बसलेल्या माणसाचा भार पाठीवरच येतो. दोन्ही सीटा सपाट जमिनीवर शेजारी ठेवायला लावल्या. वाकलेली सीट अशी ठेवली की एक पाय अधांतरी राहतो. पाठ प्रत्येक खाचेत अडकवून जोरानं मागे ढकलून पाहिली. रनर पुढे-मागे सरकवून दोन्ही बाजूंचं कुलूप एकाच वेळी धरतं का ते पाहिलं. एकच बाजू धरत असेल तर सीट तिरपी ओढते आणि लवकर मरते. कव्हर खालून थोडं उसवून रंग पाहिला. सांगाड्यावर कुठे ताजा काळा रंग असेल तर खाली नवं वेल्डिंग असण्याची शक्यता असते.

मधल्या सीटच्या फटीत बोट घातलं तर एक लहान मुलीची क्लिप निघाली, लाल, टिकलीवाली. मी हाजीसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, त्या गाडीतले सगळे बरे आहेत, मालक स्वतः कागद द्यायला आला होता. मी ती क्लिप तिथेच काउंटरवर ठेवून आले. का, ते सांगता येणार नाही.

पावतीचं मात्र आग्रहानं सांगते. ज्या गाडीच्या सीटा आहेत तिचा नंबर पावतीवर लिहून घेतला. भंगारात चोरीचा मालही फिरतो. तो ओळखून घेणं कायद्यानं गुन्हा, आणि आपल्या हिशेबात त्यावर बसून दवाखान्यात जाणंही बरं नाही. पुढच्या दोन आणि मधली मिळून १३,५०० रुपये झाले, टेम्पोचं भाडं वेगळं.

बसवायचं काम आमच्या अंगणात झालं. मिस्त्रीनं जुने बोल्ट तेल सोडून रात्रभर भिजत ठेवले होते. दोन तुटलेच. त्यांच्या जागी त्याच्या डब्यातला हाताशी आलेला बोल्ट आम्ही लावू दिला नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे असतात, ते त्याच्या ताकदीचे. जुन्यावर जो आकडा तोच नव्यावर हवा. भंडाऱ्याहून आणायला अर्धा दिवस गेला. मिस्त्री कुरकुरला, चहा पिऊन शांत झाला.

मधली जुनी सीट उचलली आणि खाली एक वेगळंच सापडलं. मागच्या सीटचे पट्टे. नीट गुंडाळून रबर लावलेले, बहुतेक गाडी घेतली त्या दिवशीचेच. सोळा वर्षं आम्ही त्यांच्यावर बसत होतो. आपल्याकडे मागच्या पट्ट्याला पट्टा कुणी म्हणतच नाही, तो कव्हरखाली जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ती गाडी महागडी होती, आणि मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता. नियम तर आधीपासूनच आहे. पुढे तोंड करून बसणाऱ्या मागच्या माणसानंही पट्टा लावायचा. आम्ही पट्टे बाहेर काढले, झटका देऊन अडकतात का पाहिलं. एकाचं कापड उंदरानं कुरतडलं होतं, तो नवा आणला. अगदी मागच्या आडव्या सीटांना पट्टेच नाहीत. मुलांना तिथे बसायला फार आवडायचं, समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून. आता तिथे फक्त सामान. मुलं आठवडाभर रुसली. सीटा मात्र काढून टाकल्या नाहीत, कारण आर.सी.वर आसनसंख्या लिहिलेली असते आणि ती आपल्या मर्जीनं कमी-जास्त करायची नसते.

कव्हर मी शिवले. रेक्झिन उन्हाळ्यात चटके देतं, म्हणून जाडं सुती कापड घेतलं. मोहाडी-आंधळगाव हा विणकरांचा पट्टा, इथे कापडाची पारख करणारी म्हातारी माणसं अजून आहेत. एका शेजाऱ्यानं धागा चोळून सांगितलं, हे टिकेल. पट्ट्याचं कुलूप बाहेर राहील अशी फट ठेवून शिवलं.

अम्मी पहिल्या दिवशी बसल्या आणि म्हणाल्या, "ये तो ऊँची है." उंच नव्हती, सरळ होती. पट्ट्याबद्दल त्यांची तक्रार अजून आहे. तो डाव्या खांद्यावरून येतो, गळ्याला लागतो, म्हणून त्या तो काखेखालून घ्यायला बघतात. तसा घेतला तर धक्क्यात बरगड्यांवर येतो आणि डाव्या हाताखालीही दबतो. मी जुन्या ओढणीची मऊ पट्टी शिवून पट्ट्यावर चढवली, तेव्हा तडजोड झाली. येताना पाठ थोडीच मागे घेतो. पूर्ण आडवी केली तर पट्टा अंगावरून सुटतो आणि माणूस त्याखालून पुढे घसरू शकतो. डावा हात मांडीवर, पंजा वर. घरी पोहोचलं की वुजूआधी मी त्यावर बोटं ठेवून बघते. घुरघुर असते.

जुनी मधली सीट अंगणात लिंबाखाली आहे, संध्याकाळी मोहल्ल्यातली म्हातारी मंडळी तिच्यावर बसतात. पुढची डावी मात्र गावातल्या भंगारवाल्याला किलोवर दिली. तो अख्खी मागत होता, दोनशे रुपये जास्त देत होता. मुलांच्या अब्बूंनी तडा गेलेल्या जागी कटर लावून सांगाड्याचे दोन तुकडे केले आणि मगच वजनकाट्यावर ठेवले.