तांबं कुठे बसतं?

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला विषय मिळाला तो धातूंचे आयन आणि डीएनए. मॅग्नेशियम आणि तांबं, दोघांच्याही आयनांवर दोन धन प्रभार. डीएनएच्या कण्यातले फॉस्फेट ऋण प्रभाराचे. मग दोघांनी वेगळं वागायचं कारणच काय, हे मला कळेना.

पीएच.डी. करणाऱ्या ताईने क्वार्ट्‌झचा क्युव्हेट, म्हणजे नमुना ठेवायची छोटी कुपी, हातात दिला. डीएनएचे बेस २६० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतात आणि साधी काच तो वाटेतच अडवते. बफरमध्ये ईडीटीए अजिबात नको, असंही तिने बजावलं. तो धातूला स्वतःच धरून बसतो.

मग द्रावण हळूहळू तापवलं. जोडलेल्या धाग्यांत बेस चळतीसारखे एकावर एक रचलेले असतात, तोवर शोषण कमी. धागे सुटले की ते सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. पडद्यावरची रेघ बराच वेळ आडवी राहते आणि मग झपकन चढते. त्या चढणीचा मध्य म्हणजे वितळण-तापमान.

मॅग्नेशियमने चढण जास्त तापमानाकडे सरकली. तांब्याचं प्रमाण वाढवत नेलं, तर ती कमी तापमानाकडे! दोन्ही आलेख शेजारी ठेवून मी नुसती बघत राहिले.

"अगं, प्रभार मोजत बसू नकोस. आयन बसतो कुठे ते बघ," ताई म्हणाली.

मॅग्नेशियम पाण्याचे रेणू सोबत घेऊन फॉस्फेटजवळ राहतं. धाग्यांमधलं अपकर्षण कमी होतं. तांब्याला बेसमधला नायट्रोजनही हवा असतो, विशेषतः ग्वानिनचा सातव्या स्थानावरचा. धागे सुटल्यावर बेस उघडे पडतात, तांब्याला जास्त पकड मिळते आणि सुटणं सोपं होतं.

पुढचं वाचून तर मी थक्क झाले. १९६० च्या दशकात अमेरिकेत गुंथर आयकहॉर्न आणि सहकाऱ्यांना दिसलं, की तांब्याने सोडवलेले धागे भरपूर मीठ घातल्यावर पुन्हा जुळतात. जस्त असेल तर नुसतं थंड करणंही पुरतं. आपला जोडीदार त्यांना सापडतो कसा? त्यांचं उत्तर असं, की धातू दोन्ही धाग्यांना धरून ठेवतो, म्हणून ते भरकटत नाहीत.

माझा आलेख मात्र धागे सुटले एवढंच सांगतो, पकड कोणत्या अणूवर ते नाही. त्यासाठी आता इन्फ्रारेड वर्णपट घ्यायचे आहेत. फॉस्फेटची खूण १२२५ सेंमी⁻¹च्या आसपास, बेसच्या कार्बोनिलची १६५० ते १७२०च्या पट्ट्यात. पाणीही या दुसऱ्या पट्ट्यात शोषतं, म्हणून त्या खुणेसाठी नमुने जड पाण्यात करायचे. तांब्याने यातली कोणती खूण हलते, ते मला स्वतः बघायचं आहे.