पत्ता बदलला, मत कुठे?

चिपळूणहून मुलुंडला येऊन तीन महिने झाले. पोरांना शाळेची बस कळली, बायकोला भाजीवाला, मला सकाळची लोकल. पाण्याची वेळ आईलाही पाठ झाली.

परवा गल्लीतलं गटार तुंबलं. तक्रारीचा अर्ज लिहीत होतो, तर शेजारी म्हणाले, "तुमचं नाव आहे का इथल्या यादीत?" गप्पच बसलो. वीस वर्षं 'मतदान करा' म्हणून बातम्या लिहिल्या, आणि स्वतःचं नाव अजून चिपळूणला!

घर बदललं की फॉर्म ८ भरायचा. २०२२ च्या आधी मतदारसंघ बदलला तर फॉर्म ६ लागायचा. आता ८ च, मोबाईलवरूनही भरता येतो.

आई म्हणाली, "मत गावालाच असू दे रे, तेवढंच नातं."

नातं राहीलच. पण पाणी इथलं पितो, तर जाबही इथेच विचारायला हवा ना?

रात्री तिघांचे फॉर्म भरले. आईचा सगळ्यात शेवटी.

तुम्ही घर बदललंय? यादी बघितलीत?