एक राहून गेलेली ओळ

पनवेल

चि. बाळास,

तुझे पत्र परवा सायंकाळी हाती आले, आणि त्यातील बाकीच्या मजकुराने जितका हर्ष झाला तितकाच क्लेश अखेरच्या दोन ओळींनी झाला. तू विचारलेस एवढेच, की जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटाच्या ज्या असंख्य तबकड्या बाजारात मिळतात त्यांतील कोणती घ्यावी. परंतु जाता जाता असेही कळवलेस की नेरुळच्या खाडीकाठी तुम्ही चौघे मिळून चालत्या प्रेतांचा जो चित्रपट करणार आहात त्याचा काही लेखी करार केलेला नाही, आणि वर पुन्हा, "मित्रांत कागद कशाला, मामा?" कागदावाचून अप्पांच्या उलव्याच्या जमिनीचे काय झाले ते ज्याने लहानपणी उंबरठ्यावर बसून ऐकले, त्या मुलाच्या हातून हे वाक्य उतरावे याचे मला अतिशय वाईट वाटले.

तबकडीचे उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचे तू मन लावून वाचशील. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि फिल्म फाउंडेशनने मूळ निगेटिव्हवरून या चित्रपटाचा जो जीर्णोद्धार केला आणि जो २०१६ साली प्रथम पडद्यावर आला, त्यावरून काढलेली क्रायटेरियन कंपनीची आवृत्तीच घे. मात्र २०१८ सालची अमेरिकी ब्लू-रे मागवू नकोस. ती 'ए' विभागाची आहे, आपला देश 'सी' विभागात मोडतो, आणि इकडच्या सर्वसाधारण यंत्रावर ती चालावयाची नाही. २०२२ सालची ४के तबकडी घे. त्या प्रकाराला विभागाचे बंधन नसते, यंत्र तेवढे ४केचे हवे. रंग भरलेली आवृत्ती कोणी फुकट दिली तरी घेऊ नकोस, आणि तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने नवे प्रसंग जोडून काढलेलीही नको.

आता, एका चित्रपटाच्या इतक्या तबकड्या, आणि त्याही इतक्या निरनिराळ्या हातांनी काढलेल्या, बाजारात का असाव्यात, हा प्रश्न तुला पडावयास हवा होता. जाहिरातींचे आणि उद्योगधंद्यांचे लघुपट करून पोट भरणाऱ्या पिट्सबर्गच्या काही तरुणांनी 'इमेज टेन' या नावाने एकत्र येऊन, सुमारे एक लाख चौदा हजार डॉलरांत, पाडावयाला काढलेल्या एका शेतघरात हा चित्रपट उभा केला. रक्ताच्या जागी चॉकलेटचे सरबत वापरले, आणि १ ऑक्टोबर १९६८ रोजी तो आपल्याच गावी प्रथम दाखवला. चित्रपटाचे आधीचे नाव निराळे होते. वितरणाचे काम घेतलेल्या वॉल्टर रीड संस्थेने नाव बदलले तेव्हा नवी नामपट्टी घातली गेली, आणि जुन्या पट्टीवर असलेली स्वामित्वहक्काची ओळ नव्या पट्टीवर घालावयाची राहून गेली. त्या काळी अमेरिकेत १९०९ चा कायदा अमलात होता, आणि त्या कायद्यान्वये अशा सूचनेवाचून प्रसिद्ध झालेल्या कृतीवर कर्त्याचा हक्क उरत नसे. एवढ्या एका ओळीपायी, ज्याच्या हाती प्रत पडेल त्याला ती छापून विकण्याची मुभा मिळाली, आणि पुढे व्हिडिओ कॅसेटचे युग आले तेव्हा प्रतीवरून प्रत, आणि त्या प्रतीवरून आणखी प्रत, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

तुझ्या आईच्या लग्नाआधी वाशीच्या एका व्हिडिओ लायब्ररीतून यंत्रासकट भाड्याने आणून आम्ही पाहिली ती अशीच कोणती तरी प्रत असली पाहिजे. चेहऱ्यांच्या जागी पांढरे डाग, रात्रीच्या जागी नुसता काळोख, आणि बार्बरा पळत सुटते तो स्मशानाचा प्रसंग तर अंदाजानेच समजून घ्यावयाचा! तरीही ताई त्यानंतर कित्येक दिवस मागच्या अंगणात एकटी जात नसे, हे तिला विचार. पुष्कळांची आजवर अशीच समजूत आहे की हा चित्रपट मुळातच धूसर आणि ओबडधोबड आहे. वास्तविक त्या मंडळींना छायालेखन उत्तम अवगत होते, हे मूळ निगेटिव्हवरून केलेल्या प्रतीत पहिल्या दृश्यापासून प्रत्ययास येते. बेवारस झालेल्या कृतीचे उत्पन्न तर जातेच, परंतु वाईट प्रतींनी तिची अपकीर्तीही होते, आणि त्याविरुद्ध दाद मागावयास कोणी वारस उरत नाही.

तू म्हणशील, हक्क गेला म्हणूनच तो घरोघर पोहोचला आणि अजरामर झाला. पोहोचला हे खरे. १९९९ साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत दाखल झाला, हेही खरे. परंतु ज्यांनी तो केला त्यांना आपल्याच कथेवर कायदेशीर हक्क मिळावा म्हणून १९९० साली तीच कथा पुन्हा रंगीत करावी लागली. तुमच्या चौघांवर तशी पाळी येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे १९५७ चा कायदा आहे, आणि त्यात हक्क नोंदणीवाचून आपोआप उत्पन्न होतो, हे मला ठाऊक आहे. ते तू मला सांगू नकोस. हक्क आपोआप उत्पन्न होतो, पण तो कोणाचा हे आपोआप ठरत नाही! चित्रपटाचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्याला ओळखतो, आणि प्रदर्शनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे तो हक्क त्याचा. मग तुमच्यात निर्माता कोण? कॅमेरा ज्याचा तो, पैसे ज्याचे तो, की कथा ज्याची तो? हस्तांतर करावयाचे तर ते लेखी व सहीनिशीच हवे. दस्तऐवजात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे धरली जातात, आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारत. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत माझा जन्म गेला. भांडण करण्याच्या हेतूने एकत्र आलेले भागीदार मी तिथे कधीच पाहिले नाहीत. सगळे सख्खे भाऊ, जिवलग मित्र, एका ताटात जेवलेले, आणि कागद करावयाला संकोचलेले.

किंबहुना रोमेरोचा चित्रपट तरी दुसरे काय सांगतो? घराबाहेरची प्रेते मंदगतीची आहेत, विस्तवाला भितात, चार फळ्या ठोकल्या तरी काही काळ थोपतात. घर पडते ते आतल्या सात जणांमुळे. तळघरात कोंडून घ्यावे की वरच ठाण मांडावे, आणि या घरात शब्द कोणाचा चालावयाचा, या वादात बेन आणि कूपर शेवटपर्यंत एकमत होत नाहीत. ड्वेन जोन्सने रंगवलेला बेन सर्वांत शहाणा, तोच रात्रभर तगतो, आणि सकाळी सुटकेला आलेल्या माणसांच्याच गोळीने जातो. हे सारे मन लावून पाहणाऱ्याने "मित्रांत कागद कशाला" असे विचारू नये.

२०२२ च्या प्रजासत्ताकदिनी प्रदर्शित झालेला आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' पाहावयाला तूच मला नेले होतेस. डोंबिवलीच्या उंच इमारतीतील बिऱ्हाडे आणि शेजारच्या तहानलेल्या वस्तीतील माणसे यांना एकाच संकटात लोटणारी ती कल्पना मला फार भावली होती. मराठीत असे चित्रपट व्हावेत, आणि तू करावास, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. तो चित्रपट त्याच वर्षी मे महिन्यात झी५ वरून घरोघर गेला. तुमचाही उद्या कोणी घरोघर न्यावयाचे म्हणाला, तर तो प्रथम तुमच्याकडे मालकीचा कागद मागेल, आणि तुम्ही चौघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहाल.

कागदाइतकेच चित्रणही जपा. मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन निराळ्या घरांत ठेवा, एक माझ्याकडे दे. १९३१ चा 'आलम आरा' हा देशातला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज कोठे मिळत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत कितीतरी जुने चित्रपट जळाले. जपलेल्या वस्तूंचे असे होते, मग तुम्ही ज्या एकाच लॅपटॉपवर सारे साठवणार आहात त्याचा काय भरवसा?

आणि ते खाडीचे काय? भरतीच्या वेळा पाहिल्या आहेस का? कांदळवनात रात्री शिरावयाची परवानगी वनखात्याकडून घेतलीस का? त्या चिखलात पाय रुतला तर दिवसाही माणूस एकट्याने निघत नाही, आणि तुम्ही जनरेटरच्या तारा ओल्यातून नेणार! तुझ्या दम्याचे तर मी लिहीतच नाही.

येत्या रविवारी चौघेही इकडे जेवावयास या. मसुदा मी करून ठेवतो, मुद्रांकही आणतो; त्यात निर्माता कोण, वाटे किती, नाव कोणाचे कोठे येणार आणि कोणी मध्येच सोडून गेला तर त्याचे काय, एवढी कलमे घालू. मात्र एक गोष्ट रविवारची वाट न पाहता कळव. चित्रणासाठी पैशाची सोय झाली असे तू लिहिलेस, कोठून झाली ते लिहिले नाहीस. ताईची पोस्टातली ठेव मोडलीस काय? तिला मी अद्याप काही विचारलेले नाही.

तुझा,
मामा